रिपोर्टमधल्या त्या एका ओळीबद्दल : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बायोप्सीचा रिपोर्ट कसा वाचायचा यावर लिहिलं आणि त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त ओव्हरीच्या गाठींबद्दल निघाले, त्यातही एकच शब्द सारखा येत राहिला, ई-कॅडहेरिन. कुणी ई-कॅथेरीन लिहिलंय, कुणी कॅडेरिन, पण धास्ती सगळ्यांची सारखीच. म्हणून हा महिना पूर्ण त्यालाच देतेय. मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर मायक्रोस्कोपवर असते, पेशंट समोर बसून बोलायची वेळ फार कमी येते, त्यामुळे तुमचे हे प्रश्न माझ्यासाठी मोलाचे आहेत. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न (कोपरखैरणे) : मॅडम, माझ्या आईला ओव्हरीचा कॅन्सर निघालाय, वय ५८. ऑपरेशन झालं, सर्जन म्हणाले डोळ्यांना दिसेल असं पोटात काही ठेवलं नाही. स्टेज ३-सी. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर आयएचसीची, म्हणजे पेशींतली प्रोटीन्स रंगवून बघायच्या टेस्टची, यादी आहे, पी-५३ म्युटंट पॅटर्न, डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह, पॅक्स-८ पॉझिटिव्ह, आणि सगळ्यात खाली 'ई-कॅडहेरिन कमी, साधारण २०% पेशींत फिकट मेम्ब्रेन स्टेनिंग'. रात्री २ वाजता फोनवर शोधलं तर सगळीकडे 'पुअर प्रोग्नोसिस', म्हणजे पुढचं चित्र वाईट, असं येतंय. आईला ही ओळ सांगितली नाही, बाबांनाही नाही. मंगळवारी पहिली किमो आहे. खरं काय ते सांगा प्लीज.

उत्तर : ताई, सगळ्यात आधी हे वाचा, ती ओळ तुमच्या आईच्या उपचारात काहीच बदलत नाही. मंगळवारी जी किमो सुरू होईल ती या आजारात नेहमी देतात तीच, बहुतेक कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर ३ आठवड्यांनी, साधारण ६ वेळा. ई-कॅडहेरिन २० च्या जागी ९०% आलं असतं तरी हीच दिली असती. रात्री २ वाजता जे वाचलंत ते खोटं नाही, पण ते तुमच्या आईबद्दल लिहिलेलं नाही, आणि हा फरक नीट समजावा म्हणून जरा लांबून सांगते.

ई-कॅडहेरिन हे पेशीच्या पृष्ठभागावरचं चिकटवणारं प्रोटीन. झिम्मा-फुगडीला फेर धरताना कसं प्रत्येकीचा हात शेजारणीच्या हातात असतो, तसं एका पेशीचं ई-कॅडहेरिन शेजारच्या पेशीच्या ई-कॅडहेरिनला धरतं, मधे कॅल्शियम लागतं, आणि पेशीच्या आत त्याच्या शेपटीला बीटा-कॅटेनिन वगैरे प्रोटीन्स बांधलेली असतात म्हणून ती पकड आतल्या सांगाड्यापर्यंत पोचते. आम्ही लॅबमध्ये काय करतो, तर मेणाच्या ब्लॉकमधून ३-४ मायक्रॉनचा काप काढतो, त्यावर ई-कॅडहेरिनला चिकटणारी अँटीबॉडी टाकतो, आणि जिथे ते प्रोटीन असेल तिथे तपकिरी रंग उठतो, बाकी केंद्रकं निळी. निरोगी आतड्याचा तुकडा असा रंगवला ना की प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ दिसते, एकाला एक लागून, कोळ्याच्या जाळ्यासारखी सलग. तुमच्या आईच्या स्लाइडवर ती रेघ काही ठिकाणी फिकट, काही ठिकाणी तुटलेली आणि बऱ्याच पेशींभोवती नाहीच असं दिसलं असणार, आणि ते बघणाऱ्याने अंदाजाने २०% लिहिलं. हो, अंदाजानेच. आम्ही एकेक पेशी मोजत नाही, आणि मी २० म्हणेन तिथे माझी शेजारची सहकारी ३५ म्हणू शकते, दोघीही आपापल्या जागी प्रामाणिक.

आता इतर अवयवांत गोष्ट सरळ आहे, पकड सुटली की पेशी मोकळी होते, हिंडायला लागते, म्हणून ई-कॅडहेरिन कमी म्हणजे वाईट. ओव्हरीत हे इतकं सरळ नाही आणि फोनवरच्या शोधात हेच येत नाही. निरोगी ओव्हरीच्या वरच्या पातळ अस्तरात मुळात ई-कॅडहेरिन फार कमी असतं, तिथे त्याचा भाऊबंद एन-कॅडहेरिन असतो. त्यामुळे ओव्हरीतल्या बऱ्याच गाठींत ई-कॅडहेरिन निरोगी अस्तरापेक्षा जास्तच दिसतं, आणि मग आजार वाढत गेला की काही जणींत ते परत कमी होतं. शिवाय तुमच्या आईचा जो प्रकार आहे, हाय-ग्रेड सीरस, पी-५३, डब्ल्यूटी-१ आणि पॅक्स-८ वरून तो तसाच वाटतोय, त्याची सुरुवात बऱ्याचदा ओव्हरीत होतच नाही, गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला होते, आणि त्या नळीच्या अस्तरात ई-कॅडहेरिन भरपूर असतं. म्हणजे 'कमी' म्हणताना कशाच्या मानाने कमी, हा प्रश्न इथे उरतोच.

दुसरी गोष्ट पसरण्याची. हा कॅन्सर मुख्यतः रक्तातून लांब जात नाही, पोटातल्या पोटात पसरतो. कल्याणकडचे वाचक असतील त्यांनी उल्हास नदीवर जलपर्णी बघितली असेलच, एकेक रोप वेगळं वाहत नाही, मुळात मुळं गुंतलेले गठ्ठेच्या गठ्ठे वाहत येतात आणि काठाला लागले की तिथेच फोफावतात. पोटातल्या पाण्यात ओव्हरीच्या कॅन्सरपेशी तशाच गोळ्यागोळ्यांनी तरंगतात. त्या गोळ्यांत पेशींना एकमेकींशी धरून ठेवायला बऱ्याचदा ई-कॅडहेरिनच कामाला येतं, आणि गोळा घट्ट असला की औषध आतपर्यंत पोचायला अवघड जातं. काठाला लागायला मग दुसरी प्रोटीन्स, सीडी-४४ असतं, इंटिग्रिन्स असतात, ती पोटाच्या आतल्या अस्तराला आणि ओमेंटमला, म्हणजे आतड्यांवरून लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्याला, पकडतात. म्हणजे इथे सुटणंही आजाराच्या कामाचं आणि चिकटणंही. अशा आजारात एका प्रोटीनच्या टक्क्यावरून कुणी भविष्य सांगायला लागलं तर माझा त्यावर विश्वास बसत नाही.

मग 'पुअर प्रोग्नोसिस' आलं कुठून? बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा ज्यांच्या गाठीत ई-कॅडहेरिन कमी होतं त्या गटाचं आयुर्मान सरासरीने कमी निघालं, हे खरं आहे. पण त्या अभ्यासांत कुणी १०% च्या खाली 'कमी' धरलं, कुणी ५०% च्या, अँटीबॉडी वेगवेगळ्या, बरेचसे अभ्यास छोटे आणि जुन्या ब्लॉकवर मागाहून केलेले, काहींत हाय-ग्रेड सीरस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल, म्युसिनस सगळ्या एकाच टोपलीत, खरंतर हे वेगवेगळे आजार आहेत. आणि जिथे ई-कॅडहेरिन कमी होतं तिथे स्टेजही पुढची असायची, म्हणजे दोष नेमका कुणाचा? असल्या गोंधळामुळेच २००५ साली ट्यूमर मार्करचा, म्हणजे गाठीबद्दल काही सांगणाऱ्या प्रोटीनचा वगैरे, अभ्यास छापताना काय काय सांगायलाच हवं याची रिमार्क नावाची नियमावली आली. आजही ओव्हरीच्या उपचाराच्या कुठल्याही प्रमुख मार्गदर्शिकेत 'ई-कॅडहेरिन बघून ठरवा' असं नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत वजनदार गोष्टी दुसऱ्या आहेत. स्टेज, ती अर्थातच. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे आजार ओव्हरीपुरता असताना सापडला तर ५ वर्षांनी ९०% हून जास्त बायका हयात असतात, लांब पसरल्यावर सापडला तर साधारण ३०%, आणि दुर्दैवाने बहुतेक जणींचा उशिराच सापडतो. हे आकडे लपवणार नाही, पण त्यात सगळ्या जणी आल्या, ज्यांचं ऑपरेशन होऊ शकलं नाही त्यासुद्धा. सर्जन म्हणाले ना की दिसणारं काही ठेवलं नाही? ताई, ही त्या रिपोर्टमध्ये नसलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पुढच्या स्टेजला पोटात किती आजार शिल्लक राहिला, यावर जितकं अवलंबून असतं तितकं आमच्या कुठल्याही तपकिरी रेघेवर नसतं. त्यानंतर किमोला आजार कसा दाद देतो. सीए-१२५, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारं एक प्रोटीन, किमोच्या पहिल्या १०० दिवसांत किती वेगाने उतरतं यावरून अंदाज बांधायची पद्धत आहे, तिला केलिम म्हणतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि बीआरसीए, म्हणजे डीएनए दुरुस्त करणारे जीन्स. मंगळवारी एकच प्रश्न विचारायचा झाला तर हा विचारा, आईची बीआरसीए आणि एचआरडी (गाठीतली डीएनए दुरुस्ती बिघडलीय का ते बघणारी) टेस्ट पाठवलीय का? कारण तिच्या उत्तराने उपचार बदलतो. बीआरसीए बिघडलेलं असेल तर किमो संपल्यावर ओलापॅरिबसारख्या गोळ्या देता येतात. सोलो-१ नावाच्या मोठ्या चाचणीत अशा पेशंट्सपैकी ओलापॅरिब घेतलेल्या ६७% जणी ७ वर्षांनी हयात होत्या, ज्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली त्यांच्यातल्या साधारण ४६%. याला म्हणतात कामाचा मार्कर. माझ्या सहकाऱ्यांचं मन दुखवायचं नाही, पण ज्याने उपचार बदलत नाही तो मार्कर रिपोर्टच्या तळाला एका ओळीत लिहून मोकळं होणं मला पटत नाही, ती ओळ वाचून कोण रात्र जागवणार आहे हे आम्हाला दिसत नाही म्हणून आम्ही लिहितो.

आईला ही ओळ सांगितली नाहीत तरी चालेल. बाबांना मात्र सोबत न्या मंगळवारी.

प्रश्न (वर्तकनगर) : ऑपरेशन नोटमध्ये बहिणीच्या पोटात 'डेन्स अ‍ॅडहेजन्स' लिहिलंय आणि बायोप्सीत 'अ‍ॅडहेजन मॉलिक्यूल'. म्हणजे प्रोटीन जास्त झालं म्हणून आतडी चिकटली का? आणि ते प्रोटीन कॅल्शियमवर चालतं असं वाचलं, मग तिच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?

उत्तर : गोळ्या बंद करू नका हो! रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, एका गोळीने पेशींमधली पकड घट्ट होत नाही आणि सैलही होत नाही. बंद केल्या तर हाडांना त्रास, विशेषतः दोन्ही ओव्हरी काढल्या असतील तर जास्तच.

आणि ते दोन 'अ‍ॅडहेजन' पूर्ण वेगळे. सर्जन लिहितात ते म्हणजे आतडी, गर्भाशय, पोटाची भिंत हे एकमेकांना जखमेच्या व्रणासारख्या पट्ट्यांनी चिकटलेले असतात ते, आधीच्या सिझेरियनमुळे, इन्फेक्शनमुळे, एंडोमेट्रिओसिसमुळे किंवा गाठीमुळे. आम्ही लिहितो ते पेशीवरचं प्रोटीन, डोळ्यांनी दिसणारच नाही असं. शब्द सारखा आला की मन लगेच धागा जोडतं, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

प्रश्न (ऐरोली) : मी लॅब टेक्निशियन आहे. ओव्हरीच्या एका एंडोमेट्रिऑइड केसला आमच्या सरांनी बीटा-कॅटेनिन मागवलं, रंग पेशीच्या कडेला न येता केंद्रकात आला, मला वाटलं माझा स्टेन बिघडला म्हणून मी परत केला, परत तसंच. सर म्हणाले बरोबर आहे, उलट चांगलं आहे. चांगलं कसं?

उत्तर : तुझा हात अगदी बरोबर चालला होता. बीटा-कॅटेनिनची दोन कामं आहेत. एक कडेला, ई-कॅडहेरिनच्या शेपटीला धरून बसायचं. दुसरं केंद्रकात, तिथे जाऊन काही जीन्स चालू करायचे. एरवी रिकामं फिरणारं बीटा-कॅटेनिन पेशी लगेच मोडून टाकते, साठू देत नाही. पण त्याच्या जीनमध्ये, सीटीएनएनबी-१ मध्ये, ठरावीक जागी बिघाड झाला की ते मोडता येत नाही, साठतं आणि केंद्रकात शिरतं, म्हणून तुला तिथे तपकिरी दिसलं.

ओव्हरीच्या एंडोमेट्रिऑइड कॅन्सरमध्ये हा बिघाड बहुतेक कमी ग्रेडच्या, लवकर सापडणाऱ्या गाठींत दिसतो आणि अशा पेशंट्सचं पुढे सहसा बरं चालतं, सर तेच म्हणत होते. पण हेच बिघडलेलं बीटा-कॅटेनिन गर्भाशयाच्या अस्तराच्या कमी ग्रेडच्या कॅन्सरमध्ये आलं तर तिथे आजार परत उलटायची शक्यता जास्त असते. तेच प्रोटीन, तोच रंग, वीतभरही अंतर नसलेले दोन अवयव आणि अर्थ उलटा. मी रेसिडेंट होते तेव्हा हे कळल्यावर दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले होते, दिसायला काहीही फरक नव्हता. म्हणून फॉर्मवर अवयवाचं नाव लिहिलेलं नसेल तर सॅम्पल घेऊच नकोस, फोन कर आणि विचार.

अजून एक, स्टेन परत करण्याआधी कंट्रोल बघत जा. आतड्याचा किंवा अपेंडिक्सचा कंट्रोल तुकडा त्याच स्लाइडवर कडेला व्यवस्थित रंगला असेल तर स्टेन बरोबर, मग पेशंटच्या तुकड्यात जे दिसतंय ते खरं मानायचं.

प्रश्न (डोंबिवली) : बायकोचा ब्लॉक दोन लॅबमध्ये दाखवला. पहिल्या लॅबने ई-कॅडहेरिन निगेटिव्ह दिलं, दुसऱ्याने ६०% पॉझिटिव्ह. एक ब्लॉक, एक बाई, दोन रिपोर्ट. कुणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : दादा, तुमचा वैताग समजतो, पैसे गेले, दिवस गेले आणि हातात आलं काय. पण यात कुणी खोटं बोललं असेल असं धरू नका.

तुकडा ऑपरेशन थिएटरमधून निघतो तेव्हापासून घड्याळ चालू होतं. तो १०% फॉर्मेलिनमध्ये लगेच पडायला हवा, तुकड्याच्या निदान १० पट फॉर्मेलिन हवं, मोठी गाठ असेल तर चिरून ठेवायला हवी कारण फॉर्मेलिन आत हळूहळू शिरतं, आणि सहा तासांपेक्षा कमी नको, तीन दिवसांपेक्षा जास्त नको. माझ्याकडे एकदा शनिवारी संध्याकाळी काढलेली नारळाएवढी गाठ सोमवारी सकाळी आली, एका छोट्या बरणीत कोंबलेली, वर बोटभर फॉर्मेलिन आणि खाली कोरडं. कडेचा अर्धा सेंटीमीटर बरा होता, आत सगळं मऊ राखाडी झालेलं. कडेच्या तुकड्यावर ई-कॅडहेरिन सुरेख आलं, मधल्या तुकड्यावर काहीच नाही. मी मधल्याच तुकड्यावर थांबले असते तर 'निगेटिव्ह' लिहून गेले असते, आणि ते निगेटिव्ह त्या बाईच्या आजाराचं नसतं, त्या बरणीचं असतं. त्या पेशंटला परत तुकडा कुठून आणणार, गाठ तर एकदाच निघते. अजून आठवलं की जीव हळहळतो.

तुमच्या केसमध्ये पहिल्या लॅबने मधला काप घेतला असेल, अँटीबॉडी वेगळी असेल, ब्लॉक गरम करून प्रोटीन मोकळं करायची पायरी वेगळी असेल. गाठही सगळीकडे सारखी नसते, एका कोपऱ्यात ४०, दुसऱ्यात ८०. हे प्रोटीन उपचार ठरवत नाही त्यामुळे तिसऱ्या लॅबला पैसे घालू नका. मूळ निदानाबद्दलच शंका असेल, म्हणजे कॅन्सरचा प्रकार कुठला यावर दोन लॅब वेगळं बोलत असतील, तर मात्र ब्लॉक आणि स्लाइड्स परळला टाटा मेमोरियल किंवा अशाच मोठ्या केंद्रात रिव्ह्यूला द्या, तिथे या गाठी रोज बघणारी माणसं आहेत.

प्रश्न (नेरुळ) : माझं वय ४६, तब्येत ठणठणीत. सोसायटीच्या हेल्थ कॅम्पमध्ये सीए-१२५ केलं, ५२ आलं. नॉर्मल ३५ पर्यंत. आठवडाभर जेवण जात नाहीये.

उत्तर : आधी जेवा. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत वाढतं, फायब्रॉइडने वाढतं, एंडोमेट्रिओसिसने वाढतं, गरोदरपणात वाढतं, ओटीपोटातल्या इन्फेक्शनने वाढतं, लिव्हरच्या आजारात वाढतं, आणि आपल्याकडे तर पोटाच्या टीबीतही खूप वाढतं, काही जणींना पोटात पाणी आणि शेकड्यात सीए-१२५ बघून कॅन्सर म्हणून पाठवतात आणि बायोप्सीत टीबी निघतो, गोळ्यांनी बरा होतो. ५२ म्हणजे थोडंसं वर. कॅम्पच्या दिवशी पाळी चालू होती का ते आठवा, गायनॅकला दाखवा, एक सोनोग्राफी होईल, आणि गरज वाटली तर त्या काही आठवड्यांनी परत करायला सांगतील.

ठणठणीत बाईला ही टेस्ट करूच नये असं माझं मत आहे, आणि फक्त माझं नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं मोठी चाचणी झाली, काहींना दरवर्षी सीए-१२५, काहींना सोनोग्राफी, काहींना काहीच नाही, आणि २०२१ साली शेवटचा निकाल आला तेव्हा तपासण्या केलेल्या गटांत या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, थोडं खाल्लं की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं, हे नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे राहिलं तर ते गॅस म्हणून सोडू नका, ही गोष्ट कॅम्पमधल्या त्या टेस्टपेक्षा जास्त कामाची.

जाता जाता, सीए-१२५ सुद्धा या महिन्याच्या विषयातलंच आहे. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या अँटीबॉडीने ते पकडलं तिच्यावरून नाव पडलं, आणि बऱ्याच वर्षांनी कळलं की ते म्हणजे म्युक-१६ नावाचं प्रचंड मोठं प्रोटीन आहे आणि ते पोटाच्या अस्तरावरच्या मेसोथेलिनला चिकटतं. मघाशी जलपर्णीचे गठ्ठे काठाला लागतात म्हटलं ना, त्यात याचाही हात असतो. म्हणजे सीए-१२५ नुसता रक्तातला आकडा नाही, त्या पेशींच्या पकडीचंच एक टोक आहे.

प्रश्न (कळवा) : आईच्या गाठीत ई-कॅडहेरिन गेलंय. हा जीन आनुवंशिक असतो असं भावाने वाचलं. आम्हा दोघी बहिणींना पोट काढावं लागेल का?

उत्तर : नाही. तुमच्या भावाने वाचलं ते खरं आहे पण ते दुसऱ्या घराचं आहे. ई-कॅडहेरिनच्या जीनचं नाव सीडीएच-१, आणि तो जन्मतःच बिघडलेला असला तर जठराचा एक विशिष्ट पसरट कॅन्सर आणि स्तनाचा लोब्युलर कॅन्सर घराण्यात दिसतो. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात हे सिद्ध झालं, अशा घरांत काहींना आधीच जठर काढायचा सल्ला देतात. तुमच्या आईच्या गाठीत प्रोटीन दिसेनासं झालं ते गाठीपुरतं, बहुतेक वेळा जीन शाबूत असतो, फक्त बंद पडलेला असतो. ते तुमच्यात उतरत नाही.

एक अपवाद म्हणून सांगते, स्तनाचा लोब्युलर कॅन्सर कधीकधी ओव्हरीत येऊन बसतो आणि ओव्हरीचाच वाटतो, त्यात ई-कॅडहेरिन जवळजवळ नेहमी गायब असतं. आईला पूर्वी ब्रेस्टची गाठ झाली असेल तर ते पॅथॉलॉजिस्टला सांगितलंय ना एवढं बघा, फॉर्मवर कुणी लिहीत नाही.

तुमच्यासाठी खरा प्रश्न बीआरसीएचा आहे. ओव्हरीचा कॅन्सर झालेल्या साधारण दर ६-७ जणींत एकीला तो जन्मतः बिघडलेला असतो आणि तसा असेल तर प्रत्येक मुलीला, आणि मुलालाही, तो मिळायची शक्यता निम्मी. आधी आईची रक्ताची टेस्ट, तिच्यात सापडला तरच तुमची. भावालाही सांगा, मुलगे सुटले असं नसतं.

प्रश्न (घोडबंदर रोड) : एवढी प्रोटीन्स सापडली तर त्यांच्यावर औषध का नाही?

उत्तर : प्रयत्न चालूच आहेत. एपकॅम नावाचं असंच एक चिकटवणारं प्रोटीन आहे, त्याला एका हाताने आणि रोगप्रतिकारक टी-पेशीला दुसऱ्या हाताने धरणारं कॅटुमॅक्सोमॅब नावाचं औषध युरोपात २००९ साली मंजूर झालं, कॅन्सरमुळे पोटात साठणाऱ्या पाण्यासाठी. पाणी काढायची वेळ लांबली, पण ते सर्रास वापरात आलं नाही. फोलेट रिसेप्टर अल्फा हे चिकटवणारं प्रोटीन नाही, पण पेशीच्या पृष्ठभागावरचंच आहे, आणि त्यावर आम्ही तसाच तपकिरी स्टेन करतो, तो पुरेसा गडद आला तर मिरव्हेटक्सिमॅब नावाचं औषध देता येतं, अमेरिकेत २०२२ साली आधी तात्पुरती आणि २०२४ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, प्लॅटिनमच्या (कार्बोप्लॅटिनसारख्या) किमोला दाद न देणाऱ्या पेशंट्ससाठी. तोच तर फरक आहे, इथे माझ्या मायक्रोस्कोपखालच्या रंगावर बाईचं पुढचं औषध ठरतं, म्हणून तो स्टेन मोजताना मी घाई करत नाही, दोघी जणी वेगवेगळं बघतो आणि मग लिहितो.

प्रश्न (खारघर) : मावशीला अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे इथल्या टाटाच्या कॅन्सर केंद्रात, दाखवायचंय, ते ब्लॉक घेऊन या म्हणाले. लॅबवाले द्यायला का-कू करतायत. आणि ब्लॉक म्हणजे नेमकं काय हो, तो खराब होतो का?

उत्तर : ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर बसवलेली मेणाची वडी, बिस्किटापेक्षा लहान, आणि त्या मेणात मावशींच्या गाठीचा तुकडा. वर सांगितलेल्या सगळ्या टेस्ट, आजच्या आणि पाच वर्षांनी निघतील त्याही, त्यावरच होणार. लेखी अर्ज द्या, पेशंटची सही आणि ओळखपत्राची कॉपी जोडा, रेफर केलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, मग सहसा देतात. सगळे ब्लॉक मागू नका, गाठीचा सगळ्यात चांगला एक-दोन आणि सोबत स्लाइड्स पुरतात, कुठला ब्लॉक चांगला हे तिथल्या पॅथॉलॉजिस्टलाच विचारा, तेवढं नक्की सांगतील.

पॅराफिन मेण ५६ ते ६० डिग्रीला वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत मऊ पडू शकतं, माझ्याकडे असा एक ब्लॉक आला होता, कागदाला चिकटलेला. कापसात किंवा टिश्यूत गुंडाळा, छोट्या कडक डबीत घाला, पर्समध्ये ठेवा. फ्रिज लागत नाही. स्लाइड्स वेगळ्या बॉक्समध्ये, ब्लॉकच्या खाली नको. आणि काउंटरवरून निघायच्या आधी ब्लॉकवरचा नंबर, स्लाइडवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिन्ही एकच आहेत का ते तिथेच उभं राहून वाचा, मोठ्याने वाचलंत तरी चालेल.